आजींचं यंत्र उत्तम चाललंय

११ मार्च, सोमवार

ही वही मुंगीने दिली. मुंगी म्हणजे माझी नात. लहानपणी स्वतःपेक्षा जड वस्तू ओढत घरभर फिरायची, म्हणून मुंगी. आता तिच्या हाताखाली चार माणसं आहेत, तरी घरात मुंगीच. वहीवर तिच्या कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत आहे आणि पानापानावर तारीख छापलेली आहे. म्हणजे मला फक्त मधलं भरायचं. मी म्हटलं, मी चौथीत शाळा सोडलेली बाई, मला काय लिहिता येणार? ती म्हणाली, "बोलतेस तसं लिही आजी. तेवढा वेळ आमच्या कानांना सुट्टी." आगाऊ आहे. पण खरं आहे, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

आज लिहायला कारणही तसंच झालं. आमच्याकडे यंत्र आलं. कपाटाएवढं, पांढरंशुभ्र, मागच्या गॅलरीत उभं केलंय. बाहेर गॅसच्या टाक्या. हायड्रोजन नावाचा गॅस आत जातो, हवा आत जाते, आणि पलीकडून वीज निघते. नळीतून थेंब थेंब पाणी पडतं, बस. धूर नाही, घरघर नाही. बसवायला आलेल्या मिस्त्रीला मी विचारलं, आत जळतं काय? तो म्हणाला, काहीच जळत नाही आजी. मी म्हटलं, काही जळल्याशिवाय उजेड पडलेला मी तरी आजवर पाहिला नाही. तो हसला आणि स्क्रू पिळत बसला.

मुंगीची कंपनी ही यंत्रं बनवते. कामगारांच्या काही घरांत फुकट बसवतायत, लोकांनी बघावीत म्हणून. त्यात आमचा नंबर लागला. कंपनीचे नवे मोठे साहेब स्वतः आले होते. काय माणूस आहे. सतत हसरा. नाव मी विसरले, मी त्यांना हसरे साहेबच म्हणणार. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आजी, आमचं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही." फोटो काढला. माझी मान जरा वाकडी आली असेल, पण असू दे.

सूनबाई ड्यूटीवरून आली. ती इस्पितळात सिस्टर आहे, नवजात बाळांच्या वॉर्डात. मुलगा माझा जहाजावर असतो, तो सहा-सहा महिने दिसत नाही, म्हणजे घरात आम्ही तिघीच. सूनबाईने यंत्राकडे पाहिलं, चपला काढल्या, म्हणाली, "फुटणार नाही ना हे?" एवढंच. कौतुक करणं तिच्या घराण्यात नाही.

१६ मार्च, शनिवार

मुंगी माझ्यावर ओरडायला आली आणि ओरडलीच नाही.

झालं असं की मी खोलीतून उठले की यंत्र बंद करते. भाजीला खाली गेले, बंद. दुपारी डोळा लागणार असं वाटलं, बंद. ऊन आत आलं, बंद. रिकाम्या खोलीत दिवा जळलेला मला बघवत नाही. सासूबाईंनी एवढं एकच शिकवलं, आणि तेसुद्धा चिमटे काढून. मुंगी म्हणाली, "आजी, हे काय, दिवसातून दहा वेळा बंद-चालू? ते यंत्र आहे, बटणाचा..." आणि तोंड उघडंच ठेवून थांबली. तिचं असं डोक्यात काही आलं की ती नखं कुरतडते. नखं कुरतडून झाल्यावर म्हणाली, "नको. तुझ्या सवयीप्रमाणेच वाग. कर बंद."

मग सांगत होती, कंपनीच्या पुढच्या दालनात काचेमागे असंच एक यंत्र आहे, ते सुरू केल्यापासून एकदाही बंद केलेलं नाही. वर आकडे पळत असतात. येणारा-जाणारा त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढतो. मी म्हटलं, बघ, केवढं टिकाऊ. ती म्हणाली, "न थांबणारी गाडी टिकतेच आजी." तिच्या बोलण्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून जातं. पण ऐकायला बरं वाटतं, एवढी शिकलेली पोर माझ्याशी बोलते.

२ एप्रिल, मंगळवार

मुंगीच्या कंपनीत खांदेपालट झाली. आधी म्हातारे मालक होते, ते मागच्या वर्षी गेले. त्यांचा नियम होता की यंत्र तपासणाऱ्यांनी विकणाऱ्यांच्या हाताखाली राहायचं नाही. तपासणीचा जो प्रमुख असेल त्याने थेट बोर्डासमोर जायचं, एकट्याने, दार लावून. बोर्ड म्हणजे मला काळा फळा वाटला होता. तसं नव्हे, ते कंपनीचे वरचे पंच. त्यांच्यापुढे साहेबसुद्धा उभे राहतात.

आता हसरे साहेबांनी सगळं सुटसुटीत केलं. तपासणीवाले आता विक्री खात्याच्या हाताखाली. जे काय सांगायचं ते विक्रीच्या प्रमुखाला, तो साहेबांना, आणि साहेब बोर्डाला. मुंगीच्या वरचे तपासणीप्रमुख होते, ते शुक्रवारपासून दिसत नाहीत. त्यांचा चष्मा टेबलावर तसाच आहे म्हणे. प्रकृतीचं कारण.

सूनबाई भांडी विसळत होती, तिथूनच म्हणाली, "म्हणजे आमटी चाखणारी आता वाढणारीच्या हाताखाली. खारट झाली तरी म्हणायचं, छान आहे."

मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच. साहेब किती मायाळू आहेत. आज सकाळी मला फोन केला, "आजी, यंत्र कसंय?" एवढा मोठा माणूस. माझा सख्खा मुलगा बंदरावर उतरल्याशिवाय फोन करत नाही.

"तोंडावर साखर पेरणारी माणसं मुंग्यांसाठी बरी," सूनबाई म्हणाली. मुंगी हसली नाही.

९ मे, गुरुवार

मधे बरेच दिवस लिहिलं नाही. गुडघा धरला होता. लिहायला गुडघा लागत नाही हे खरं, पण दुखत असलं की मन लागत नाही.

यंत्र चाललंय. म्हणजे चालू केलं की पूर्वी दिवा फटकन लागायचा, आता जरा विचार करून लागतो. पंखा तिसऱ्यावर ठेवला की दिवा मंद होतो. दोन्ही एकदम त्याला झेपत नाही. माझंही तसंच आहे, एका वेळी एकच काम.

मुंगीला सांगितलं तर तिला कोण आनंद. म्हणजे चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण लगेच मीटर लावून बसली. "कधीपासून? कसा मंद होतो? लालसर की नुसता फिका?" मी म्हटलं, संध्याकाळी देवळातला दिवा तेल संपत आलं की होतो तसा. तिने ते तसंच लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेतलं नव्हतं आजवर.

१४ मे, मंगळवार

आज मुंगीने मला आतली गोष्ट समजावली. मला कळली, म्हणून लिहिते.

यंत्राच्या आत पातळ पातळ पत्र्यांची चवड असते. प्रत्येकाच्या अंगावर काजळीसारखा काळा थर. त्या काजळीवर प्लॅटिनमचे बारीक दाणे बसवलेले, तीळ लावावेत तसे. सगळं काम ते दाणे करतात. यंत्र चालू आहे तोवर ठीक. पण बंद करून पुन्हा चालू करताना, आत हवा आणि गॅस यांची क्षणभर गाठ पडते, आणि तेवढ्यात ती काजळीच खाल्ली जाते. दाणे निसटतात, एकमेकांना चिकटतात, वाहून जातात. दर वेळी थोडंथोडं.

"मग मीच बिघडवलं म्हण की," मी म्हटलं.

"नाही गं. तू जे केलंस ते आमच्या तपासणीने करायचं होतं. मी अशीच चाचणी मागितली होती, बंद-चालू, बंद-चालू. म्हणाले वेळ नाही, ती जागा ऑर्डरीसाठी हवी."

मी म्हटलं, मग लोकांना सांगावं, बंद करू नका. एवढी सोपी गोष्ट.

ती म्हणाली, "आजी, पहिली मोठी ऑर्डर आईच्या इस्पितळाची आहे. तिथे यंत्र बंदच असणार. वीज गेली की चालू, आली की बंद. दिवसातून किती वेळा, देव जाणे."

सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिची घडी तशीच हातात राहिली. "आमच्या वॉर्डाला?" तिने विचारलं. मुंगीने मान हलवली. त्या वॉर्डात पूर्ण दिवस भरायच्या आत आलेली बाळं असतात, काचेच्या पेट्यांत. काहींचा श्वाससुद्धा विजेवर चालतो.

मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. मी लसूण सोलला.

२० मे, सोमवार

दोन चांगल्या गोष्टी एका दिवशी.

एक म्हणजे मुंगीला बढती. तपासणीप्रमुख. साहेबांनी तिला बोलावून खुर्ची दाखवली, ज्यांची प्रकृती बिघडली त्यांचीच. मला वाटलं नाचावं, पण गुडघा.

दुसरी म्हणजे आपलं यंत्र. मिस्त्री आला, म्हणाला साहेबांचा निरोप आहे, आजींना त्रास नको. जुनं यंत्र उचलून नेलं आणि कोरं करकरीत बसवलं. मी म्हटलं, अरे पण मुंगीला त्यातलं काही बघायचं होतं, पत्रे का काय. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळं सर्व्हिसला जातं आजी." चहा दिला, तो अर्धा ठेवूनच गेला. उकाड्यात चहा नको झाला असेल.

मुंगी आली, गॅलरीत गेली. बराच वेळ नवीन यंत्रासमोर उभी होती. मला वाटलं आवडलं. आत आली ती म्हणाली, "मीटरचे आकडे म्हणे माझ्या घरचे, म्हणजे पुरावा नाही. आणि यंत्र आता नाहीच." मग खाली बसली. "आजी, आता दिवा मंद झालेला पाहिलेली तू एकटीच."

"अगं, मग मला विचार की," मी म्हटलं. "मी काय पळून जाते?"

७ जून, शुक्रवार

बोर्डात एक नवीन बाई आल्या आहेत. कंपनीच्या नाहीत, बाहेरच्या. पूर्वी बँकेत मोठ्या होत्या. कायद्याने म्हणे एक बाहेरचं माणूस ठेवावंच लागतं, घरच्यांनी घरच्यांना शाबासकी देऊ नये म्हणून. मुंगी त्यांना गाठून बोलली. साहेबांना वगळून. म्हणजे जरा आगाऊपणाच, पण ती लहानपणापासून तशीच.

त्या बाहेरच्या बाई म्हणाल्या, "कागद तुझ्याकडे नाहीत, यंत्र तुझ्याकडे नाही. तुझ्या आजीने पाहिलंय ना? आण तिला. मी बोर्डाला विचारायला लावते. ती जे म्हणेल त्यावर इस्पितळाची यंत्रं थांबवता येतील, पुन्हा तपासता येतील."

बुधवारी जायचंय. मी. बोर्डापुढे.

मुंगी म्हणाली, "आजी, तुला काही पाठ करायचं नाही. फक्त खरं काय ते सांग. तुला नाहीतरी दुसरं काही जमत नाही." सूनबाईने माझी निळी साडी इस्त्रीला दिली, मी न सांगता.

११ जून, मंगळवार

आज दुपारी हसरे साहेब आले. एकटेच. मी एकटीच होते. मी लाडू पुढे केले, त्यांनी दोन खाल्ले. मग म्हणाले, "आजी, उद्या येताय ऐकलं. बरं वाटलं. मोकळेपणाने बोला."

मी म्हटलं, बोलायचं मला काय सांगता.

ते हसले. मग हाताला लागलेला लाडू झटकला. त्यांचा चेहरा हसायचा थांबला की वेगळाच माणूस दिसतो, जसं फळ्यावरचं पुसावं तसं. म्हणाले, "मला काळजी मुंगीची वाटते. तपासणीप्रमुख तीच. यंत्र चांगलं आहे या कागदावर सही तिचीच आहे."

ती सही कोणती ते मला माहीत होतं. दालनातल्या, न थांबता चालणाऱ्या यंत्राची. ते खरंच चालतं, म्हणून तिने केली होती. मी तसं म्हटलं.

"हो हो, पण कागदावर एवढं कोण वाचतं? यंत्र वाईट ठरलं तर विचारणार, सही कोणाची? मी तर काल आलेला माणूस. पोरीचं नाव खराब होईल. कदाचित पोलीससुद्धा. मी तुम्हाला काय बोला, काय नको, ते सांगत नाही आजी. तुम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत."

तिसरा लाडू त्यांनी रुमालात बांधून नेला, घरी मुलीला देतो म्हणाले. त्यांनाही मुलगी आहे.

मी विचार करत बसलेय. मुंगी भोळी आहे. तिला वाटतं खरं बोललं की झालं. तिला कळत नाहीये की ती स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतेय, आणि तो धोंडा उचलून द्यायला मला नेतेय. हे तिला सांगायचं नाही. सांगितलं तर हट्टाला पेटेल. अळीमिळी गुपचिळी. मला जमेल का? जमेल. पोरीसाठी काय जमत नाही.

१२ जून, बुधवार

जमलं.

लांबलचक टेबल, इतकं गुळगुळीत की त्यात माझी हनुवटी दिसत होती. खुर्चीला चाकं. मी बसले तर ती मागे पळाली, एका पंचाने धरली. सगळे हसले, मीही हसले. वातावरण एकदम घरगुती झालं. पाणी काचेच्या बाटलीत. मुंगी भिंतीकडेच्या खुर्चीत होती, टेबलाशी नाही. हसरे साहेब माझ्यासमोर.

बाहेरच्या बाई सावळ्याशा आहेत, आवाज अगदी हळू. म्हणाल्या, "आजी, तुम्ही यंत्र रोज बंद-चालू करत होतात?"

मी म्हटलं, मी जुन्या वळणाची, कधीमधी करत असेन.

"मग काही दिवसांनी दिवा मंद होऊ लागला. बरोबर?"

मुंगी माझ्याकडे बघत होती. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात ती स्टेजवर असायची आणि मी खाली असायचे. आज उलटं. मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी म्हटलं, "दिवा कशाला मंद होईल बाई. माझे डोळेच मंद झालेत."

काय हसले सगळे. एका पंचाने टेबलावर थाप मारली. साहेब तर डोळे पुसत होते.

बाहेरच्या बाई हसल्या नाहीत. "नक्की ना आजी? नीट आठवून सांगा. याच्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे."

"नक्की. घरची गाय आहे ती. लाथ नाही, शिंग नाही."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मधल्या खुर्चीतले पंच म्हणाले, "आजींचं यंत्र उत्तम चाललंय, असं नोंदवून घ्या. पुढचा विषय." एका वाक्यात मुंगी सुटली. मला तर तिथेच तिची दृष्ट काढावीशी वाटली.

येताना मुंगी गाडी चालवत होती. सिग्नल हिरवा झाला तरी थांबून राहिली, मागचे हॉर्न वाजवत होते. मी म्हटलं, हिरवा झाला गं. ती म्हणाली, "आजी, तुझे डोळे खरंच अधू झालेत का?" मी म्हटलं, वय झालं. तिने मान हलवली. "मग मीच वेडी," म्हणाली.

बिचारी. एक दिवस तिला सांगेन.

८ जुलै, सोमवार

इस्पितळात यंत्रं बसली. मला मानाने बोलावलं होतं. फीत साहेबांनी माझ्या हातून कापवली आणि बटणही मला दाबायला दिलं. वॉर्डात क्षणभर सगळं गप्प झालं आणि मग पेट्यांवरचे हिरवे दिवे एकेक करून लागले. आत हाताच्या पंजाएवढी बाळं. एकाच्या डोक्यावर मोज्याची टोपी होती. कोणीतरी पायमोज्याचीच शिवली होती.

जुना डिझेलचा जनरेटर मागच्याच आठवड्यात विकून टाकला. दोन-दोन कशाला, आणि जागा अडते. तिथे आता साहेबांच्या गाडीला सावली आहे.

सूनबाई फोटोत आली नाही. भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी. मुंगी तर आलीच नाही. तिला नवीन खोली मिळाली आहे, आधीपेक्षा मोठी, पण खिडकी नाही आणि तपासायला यंत्रही नाही. मी म्हटलं, आराम कर की मग. पगार तर चालू आहे.

२५ जुलै, गुरुवार

वीजवाल्यांनी तारा बदलायला काढल्यात. दिवसातून पाच-सहा वेळा वीज जाते, कधी जास्त. मुंगी रोज संध्याकाळी सूनबाई आत आली की दारातच विचारते, "आज किती वेळा?" सूनबाई आकडा सांगते. मग दोघी जेवतात. पूर्वी हीच मुंगी विचारायची, आई, आज किती बाळं घरी गेली?

आज सूनबाईने आकडा सांगितला आणि म्हणाली, "चालू व्हायला वेळ घेतं आता. पेट्यांच्या बॅटऱ्या जुन्या आहेत, तेवढ्यात ओरडायला लागतात."

मुंगीने घास खाली ठेवला. मी म्हटलं, आपलंही तसंच व्हायचं, जरा विचार करून लागायचं. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मग मी जिभेला आवर घातला, पण मला वाटतं थोडा उशीर झाला.

६ ऑगस्ट, मंगळवार

मुंगी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मी म्हटलं कशाला, तर म्हणाली, मंद झालेत ना, बघू या. डॉक्टरने अक्षरांची पाटी दाखवली. मला अगदी खालची ओळ दिसत होती, फक्त त्यातली दोन अक्षरं कशी म्हणतात ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, "आजी, तुमची नजर या वयात माझ्यापेक्षा चांगली आहे." मला इतका आनंद झाला.

बाहेर बाकावर बसलो. मुंगी म्हणाली, "दिवा मंद होत होता."

मग मी सांगून टाकलं. किती दिवस पोटात ठेवणार? साहेब आले होते ते, सही, पोलीस, सगळं. म्हटलं, तू भोळी, तुला कळलं नसतं, मी वाचवलं तुला. मला वाटलं गळ्यात पडेल.

ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "आजी, मला माहीत होतं माझी सही आहे. माझं नाव जाणार हे धरूनच मी तुला नेलं होतं."

मला याचा अर्थ अजून नीट लागत नाहीये. कोणी स्वतःहून असं करतं का?

तिने तिथूनच बाहेरच्या बाईंना फोन लावला. मी शेजारीच होते, ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, बोर्डाने ठराव केलाय, तो आता पुढच्या बैठकीतच बदलता येईल, ती दिवाळीच्या सुमाराला. मधे काही असेल तर नियमाप्रमाणे साहेबांमार्फत पाठवावं. मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी अजून एकदा विचारायला हवं होतं." मग मुंगीने इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्याच सहीचा कागद आहे की आमच्याकडे.

मी हसरे साहेबांना फोन केला. म्हटलं मी गोड बोलून बघते, माझं ऐकतात ते. लागला नाही. कामात असतील.

७ ऑगस्ट, बुधवार

आज बारापासून संध्याकाळपर्यंत सगळ्या भागाची वीज बंद, तारांचं मोठं काम आहे. सूनबाईची आज सुट्टी होती. सकाळी उठून गणवेश चढवला. मी म्हटलं, अगं सुट्टीच्या दिवशी? तिकडे यंत्र आहे ना आता. ती म्हणाली, "बाळांना श्वास द्यायच्या, हाताने दाबायच्या पिशव्या काढून ठेवल्यात. हात कमी पडतील, म्हणून जाते." मुंगी बुटांच्या नाड्या बांधत होती. "मीही येते," म्हणाली. सूनबाईने तिला सांगितलं, नखं काप आधी. मुंगीने नखं कापली आणि दोघी गेल्या. मुंगी दारातून परत आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिच्या डोक्यावरून फिरवते तसा.

बाराला वीज गेली. मी आतल्या खोलीत आहे, इथे ऊन येत नाही. यंत्र चालू केलं. वेळ घेऊन लागलं. आज मी ते एकदाही बंद केलं नाही, बसून आहे दिव्याखाली. आधी पंखा हळू झाला, त्याची पाती मोजता येऊ लागली. मग दिवा. पंखा मी बंद केला, तरी दिवा लालसर होत चाललाय. हे यंत्र तर नवीन दिलं होतं. तिकडची आणि हे एकाच खेपेची आहेत, मिस्त्रीच म्हणाला होता.

वॉर्डात फोन लावला. बराच वेळ वाजला. मग कोणीतरी उचलला आणि "थांबा" म्हणून तसाच ठेवून दिला. बंद केला नाही. मला सगळं ऐकू येत होतं. पावलं, पळणारी. काहीतरी एका सुरात ओरडतंय, एक नव्हे, बरीच. मग ते ओरडणं एकेक करून थांबत गेलं. मला वाटलं, चला, सगळं ठीक झालं.

मग सूनबाईचा आवाज आला. मोठा नाही, पण अगदी स्पष्ट. म्हणत होती, "श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन." तिच्या मागून दुसरा आवाज, मुंगीचा, तेच म्हणत, थोडा मागे पडत, मग सूर जुळला. मग आणखी कोणी, आणखी कोणी. एका बाजूने एक आवाज थांबला. बाकीचे म्हणतच राहिले.

मी "हॅलो" म्हटलं नाही. कानाला फोन लावून एका हाताने हे लिहितेय, दिसतंय तोवर. "श्वास, दोन, तीन."